विश्लेषण : हलगी जाळावर का धरतात, ढोलकीला शाई का लागते? शिरूर-दौंडमधील वाद्यांचे विज्ञान काय?

संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढी वारीत दौंड तालुक्यातील यवत आणि वरवंड येथे मुक्काम करते. दिंड्यांमध्ये टाळ, मृदंग आणि वीणा, तर सोहळ्याच्या पुढे चौघडा असतो. भीमा नदी ओलांडून शिरूर तालुक्यात गेले की वाद्ये बदलतात. तिथल्या गावोगावच्या यात्रांमध्ये ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज ऐकू येते.

पावसाची एक सर आली की या वाद्यांचे स्वभाव लगेच वेगळे दिसतात. टाळाला काहीच फरक पडत नाही. मृदंगावर घाईने प्लास्टिक ओढले जाते. हलगी दमट हवेतच ‘उतरते’ आणि तिला जाळ दाखवावा लागतो. एकाच हवेत एक वाद्य तसेच राहते आणि दुसरे बसते, असे का होते? उत्तर शोधायचे तर आवाज नेमका कोणत्या वस्तूतून येतो, हे आधी पाहावे लागते.

वाद्यांचे चार प्रकार कोणी ठरवले?

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या २८ व्या अध्यायात वाद्यांचे चार प्रकार दिले आहेत. तार कंप पावते ते तत, हवा कंप पावते ते सुषिर, ताणलेले कातडे कंप पावते ते अवनद्ध आणि वाद्याचे अंगच कंप पावते ते घन. वाद्य कशाचे बनले, कोण वाजवतो, कुठे वाजवतो याला या वर्गीकरणात महत्त्व नाही. थरथरते काय, एवढाच प्रश्न आहे.

युरोपात मात्र बराच काळ तंतुवाद्ये, फुंकून वाजवायची वाद्ये आणि उरलेली सगळी ताडनवाद्ये अशी ढोबळ विभागणी होती. १८७६ मध्ये कोलकात्याचे संगीतज्ञ शौरींद्रमोहन टागोर यांनी भारतीय वाद्यांचा मोठा संग्रह बेल्जियमच्या राजाला भेट दिला. ब्रसेल्सच्या संग्रहालयाचे प्रमुख व्हिक्टर माहियाँ यांनी १८८० मध्ये केलेल्या वर्गीकरणात हीच चार गटांची भारतीय कल्पना आहे. त्यावरच १९१४ मध्ये एरिक फोन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स यांनी जगभरच्या वाद्यांसाठी पद्धत बसवली. संग्रहालये आजही तीच वापरतात.

शिरूर आणि दौंडमध्ये चारही गट सापडतात. पण गंमत अवनद्ध गटात, म्हणजे कातड्याच्या वाद्यांत जास्त आहे.

हलगी जाळावर का धरतात?

हलगीची रचना यापेक्षा सोपी असू शकत नाही. एक गोल कडे आणि त्याच्या एका तोंडावर ताणून मढवलेले कातडे. दुसरी बाजू उघडी. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक, लवचिक काडी.

ताणलेल्या पडद्याचा सूर दोन गोष्टींवर ठरतो : पडदा किती ताणलेला आहे आणि किती जड आहे. ताण वाढला की सूर चढतो, वजन वाढले की उतरतो. हवेत दमटपणा असला की कातडे पाणी शोषते. त्यामुळे ते सैल पडते आणि जडही होते. दोन्ही परिणाम एकाच दिशेने, म्हणजे सूर खाली नेणारे. म्हणून ओल्या हवेत हलगी कडकडण्याऐवजी पुठ्ठ्यासारखी वाजते.

जाळ दाखवला की पाणी उडून जाते, कातडे आकसते आणि ताण परत येतो. पण सूर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. सूर दुप्पट करायचा तर ताण चौपट लागेल. त्यामुळे जाळाने मिळणाऱ्या चढाला मर्यादा आहे आणि कातडे जास्त तापले तर फाटते. किती वेळ धरायचे हे वादक मधूनमधून बोटाने टिचकी मारून ठरवतो. थोड्या वेळाने हवेतला ओलावा पुन्हा शोषला जातो, म्हणून हलगीवाल्याजवळ पेटते काहीतरी लागतेच.

सध्या अनेक हलग्या, ताशे आणि ढोल यांवर फायबरचे पान असते. प्लास्टिकचा हा पडदा पाणी शोषत नाही. जाळ नको, पावसाची धास्ती नको, एकदा नट-बोल्ट आवळले की काम झाले. मिरवणुकीत चार-पाच तास वाजवणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे आणि तिला नाके मुरडण्यात अर्थ नाही. फरक मात्र ऐकू येतो. कातड्यात तंतूंची जाळी असते. वरचे तीक्ष्ण कंप त्या जाळीत लवकर विरतात आणि आवाजाला भरीवपणा राहतो. प्लास्टिकमध्ये ते तसेच टिकतात, म्हणून फायबरचा ठोका जास्त धारदार आणि कोरडा लागतो. पन्नास ढोल एकत्र वाजतात तेव्हा हा धारदारपणा कानाला जास्त झोंबतो.

हलगीच्या बाबतीत दुसरीही एक गोष्ट आहे आणि ती पदार्थविज्ञानाबाहेरची आहे. गावगाड्यात हलगी वाजवणे ही कला म्हणून निवडलेली गोष्ट नव्हती. दवंडी, लग्न, अंत्ययात्रा, देवाची मिरवणूक अशा प्रसंगी वाजवण्याचे काम प्रामुख्याने मातंग समाजावर आणि काही भागांत इतर दलित जातींवर लादलेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीत गावकीची अशी कामे सोडण्याचे आवाहन झाले आणि अनेकांनी ती सोडली. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये आला. दुसरीकडे अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक सुरू केले आणि तमाशाचा बाज कामगारांच्या प्रश्नांसाठी वापरला. ‘हलगी लुप्त होतेय’ अशी हळहळ व्यक्त करताना ती काहींनी जाणीवपूर्वक खाली ठेवली होती, हे विसरून चालत नाही.

मग ढोलकी जाळावर का धरत नाहीत?

कारण ढोलकीला नुसता ताण नव्हे, तर नेमका सूर हवा असतो.

साध्या गोल पडद्यावर थाप मारली की एकच कंप होत नाही. मूळ कंपासोबत वरचे अनेक कंप उठतात. मूळ कंप सेकंदाला २०० वेळा असेल, तर वरचे साधारण ३१८, ४२७, ४५९ असे येतात. या आकड्यांत कोणताही सोपा हिशेब नाही. तारेत किंवा बासरीत मात्र २०० च्या वर ४००, ६००, ८०० असे पाढ्यासारखे कंप येतात. कान अशा पाढ्यालाच ‘सूर’ म्हणून ओळखतो. पाढा नसेल तर नुसता ठोका ऐकू येतो. हलगी ठोका देते, सूर देत नाही, ते यामुळेच.

ढोलकीच्या, तबल्याच्या किंवा मृदंगाच्या उजव्या पुडीवर मध्यभागी काळी शाई असते. लोहाची बारीक पूड आणि पिठाची खळ यांचे एकावर एक पातळ थर देऊन, प्रत्येक थर दगडाने घोटून ती चढवतात. वाळताना तिला बारीक भेगा पडतात. त्यामुळे पुडी ताठ होत नाही, शाईसकट वाकते. या लेपाने मधला भाग जड होतो आणि वेगवेगळ्या कंपांचा वेग बदलतो. थर योग्य जमला, की ते विस्कटलेले आकडे जवळजवळ १, २, ३, ४, ५ या पाढ्यात येऊन बसतात.

हे सर्वप्रथम मोजून दाखवले सी. व्ही. रामन यांनी. १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी भारतीय चर्मवाद्यांवर टिपण प्रसिद्ध केले आणि १९३४ मध्ये सविस्तर निबंध लिहिला. मधल्या काळात, १९३० मध्ये त्यांना प्रकाशाच्या संशोधनासाठी नोबेल मिळाले होते. जगातल्या बहुतेक चर्मवाद्यांना न जमलेली गोष्ट शाई घोटणाऱ्यांनी केवळ कानाच्या भरवशावर साधली होती, हे या निबंधांमुळे आकड्यांत समोर आले. शाईचे वजन आणि व्याप चुकला तर पाढा मोडतो. शाई उडालेली ढोलकी वाजते, पण ‘बोलत’ नाही, याचे कारण हेच.

डाव्या तोंडाचा उद्देश वेगळा. तिथे खर्ज हवा असतो. ढोलकीत डाव्या पुडीला आतून मसाला लावलेला असतो. वारीतल्या मृदंगाला वाजवण्याआधी बाहेरून ताजी कणीक थापतात. वजन वाढले की सूर उतरतो, हा हलगीला अडचणीत आणणारा नियम इथे मुद्दाम वापरला आहे. कणीक वाळली की परिणाम बदलतो, म्हणून मृदंगवादक मधूनमधून तिला पाण्याचे बोट लावतो आणि वाजवून झाल्यावर ती काढून टाकतो. वाद्याला लेप देऊन सूर बसवण्याची रीत जुनी आहे. नाट्यशास्त्रात नदीकाठच्या मातीचा लेप सांगितला आहे.

अशा वाद्याला जाळ दाखवला तर शाई निसटेल आणि पुडी असमान ताणली जाईल. म्हणून मृदंगात वादीखाली अडकवलेले लाकडी गट्टे हातोडीने वर-खाली ठोकतात आणि ढोलकीत दोरीच्या कड्या किंवा नट-बोल्ट आवळतात. पावसाळ्यात हे काम सतत करावे लागते.

तुणतुणे तंतुवाद्य की चर्मवाद्य?

तमाशात मागे उभा राहून झील ओढणाऱ्याच्या हातात तुणतुणे असते. गोंधळातही ते दिसते. कुरकुंभ म्हटले की अनेकांना औद्योगिक वसाहत आठवते, पण तिथल्या फिरंगाई देवीसारख्या ठिकाणांशी जोडलेल्या गोंधळाच्या परंपरेत संबळ, तुणतुणे आणि झांज ही जोडी-तिजोडी ठरलेली असते. संबळ म्हणजे एकत्र बांधलेली दोन चर्मवाद्ये, एक चढ्या आवाजाचे आणि एक खर्जाचे. ते कमरेला बांधून काठ्यांनी वाजवतात.

तुणतुण्यात लाकडी नळकांड्याच्या तळाला कातडे मढवलेले असते. एकुलती तार त्या कातड्याच्या मधोमध अडकवून वर बांबूच्या दांडीवरील खुंटीला बांधतात. तार छेडली की ती कातड्याला ओढते आणि सोडते. कातडे हलते आणि आवाज मोठा होतो.

मग थरथरते काय, तार की कातडे? दोन्ही, आणि इथेच चार कप्प्यांची व्यवस्था अडखळते. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी अशा प्रकारच्या वाद्यांना ‘छेडून वाजणारी चर्मवाद्ये’ म्हटले. पुढच्या अभ्यासकांनी त्याला हरकत घेतली. सूर तार ठरवते, कातडे फक्त तो मोठा करते, त्यामुळे ही तंतुवाद्येच, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो पटण्यासारखा आहे. खुंटी पिळली की तुणतुण्याचा सूर बदलतो, हे समोर दिसते. पण खुंटी पिळताना तारेसोबत कातडेही ताणले जाते, तेव्हा वाद पूर्ण मिटत नाही.

टाळाला पाऊस का लागत नाही?

टाळ घन वाद्य आहे. काशाचा, म्हणजे तांबे आणि कथिल यांच्या मिश्रणाचा टाळ स्वतःच्या ताठपणामुळे कंप पावतो. त्याला बाहेरून ताणावे लागत नाही. ओलावा शिरायला जागा नाही, म्हणून सूर उतरायचा प्रश्नच नाही. काशात अंतर्गत घर्षण कमी असल्याने नाद लांबतो. जोडीतल्या दोन टाळांचे सूर किंचित वेगळे असतील, तर दोन्ही नाद एकमेकांत मिसळून आवाज लहरत राहतो. दिंडीत शेकडो टाळ एकाच वेळी वाजतात तेव्हा ऐकू येणारी झिलई अशाच बारीक फरकांतून तयार होते.

वीणा याच्या उलट नाजूक आवाजाची. बारीक तार एकटी फारशी हवा हलवू शकत नाही. तिचा कंप घोडीतून भोपळ्याला मिळतो आणि भोपळा हवा हलवतो. टाळ-मृदंगाच्या गजरात दिंडीतली वीणा दहा पावलांवरही ऐकू येत नाही. तिचे काम विणेकऱ्याला आणि जवळच्यांना आधाराचा सूर देणे हे आहे. त्याहून मोठे काम मानाचे आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, पहारे लावून रात्रंदिवस उभ्याने धरतात.

तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर तार टेकते तिथे दोरा सरकवून ‘जवारी’ लावतात. त्यामुळे तार घोडीला घासत, उघडत-मिटत कंप पावते आणि वरचे सूर उजळतात. रामन यांनी १९२१ मध्ये यावरही लिहिले होते. मिरजेत बनणाऱ्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

तुतारी आणि पिपाणी यांत फरक काय?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत हा प्रश्न शिरूरकरांना आणि बारामती मतदारसंघात येणाऱ्या दौंडकरांनाही पडला होता. दोन्ही जागा ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हावर जिंकल्या गेल्या. त्याच निवडणुकीत काही अपक्षांना ट्रम्पेट हे चिन्ह मिळाले. त्याचे मराठी नावही तुतारी असे दिले गेले आणि गोंधळ उडाला. लोक त्या दुसऱ्या चिन्हाला पिपाणी म्हणू लागले.

वाद्यशास्त्राच्या दृष्टीने ते पिपाणी नव्हते. तुतारी, शिंग, ट्रम्पेट आणि शंख या सगळ्यांत वाजवणाऱ्याचे ओठ थरथरतात आणि नळीतली हवा त्या थरथरीला सूर देते. पिपाणी आणि सनई यांत पातीची जिभळी थरथरते. वादक फक्त हवा पुरवतो. तुतारीला बोटांची छिद्रे नसतात, म्हणून ओठ आवळून नळीला मान्य असलेले ठरावीक सूरच काढता येतात. सनईत छिद्रे उघडून हवेचा स्तंभ आखूड करतात, त्यामुळे राग वाजवता येतो. दोन्ही सुषिर वाद्ये, पण एकीला इशारा देण्याचे काम आणि दुसरीला मंगलधून. सुषिर वाद्यांना पावसापेक्षा तापमान जास्त जाणवते. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो आणि सूर किंचित चढतो.

तमाशाला मोकळे मैदान आणि संगीतबारीला छप्पर

दौंड तालुक्यात चौफुला परिसरातील कला केंद्रांमध्ये संगीतबारीची लावणी सादर होते. तिथे ढोलकीच्या जोडीला तबला आणि पेटी असते. हलगी आणि तुणतुणे नसते. शिरूर भागातल्या यात्रांमधील ढोलकीफडाच्या तमाशात हलगी-ढोलकीच्या सलामीनेच सुरुवात होते. लावणी दोन्हीकडे आहे, मग वाद्ये वेगळी का?

जागा वेगळी आहे म्हणून. माणसाचा कान साधारण २ हजार ते ५ हजार कंपांच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. हलगीचा कडकडाट, झांजेचा खणखणाट, तुणतुण्याची टणक तार आणि ढोलकीची चढी थाप यांची बरीच ताकद या पट्ट्यात पोहोचते. माइक येण्याआधी नदीकाठच्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत आवाज न्यायचा, तर हाच संच हवा होता. बंद दालनात तोच संच कान किटवेल. तिथे पेटी चालते. तिच्यातल्या पितळी पट्ट्या भात्याच्या हवेने थरथरतात आणि सूर कायमचे ठरलेले असतात. त्यामुळे ढोलकीला पेटीच्या पट्टीत यावे लागते.

याच पट्ट्यातल्या कवठे येमाईचे बी. के. मोमीन कवठेकर यांनी अनेक तमाशा फडांसाठी गाणी आणि वग लिहिले. राज्य सरकारचा विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला होता. अशा लेखनाचा आधार म्हणजे रात्रभर चालणारा वग. तोच आता नियमांत अडकतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीने वाद्येही त्यात आली. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते.

निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. डेसिबलचे गणित फसवे असते. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता १० पट होते. म्हणजे ९५ डेसिबलचा डीजे मर्यादेच्या १० हजार पट तीव्र असतो. शिवाय डीजेच्या खर्जाला भिंती फारशा अडवू शकत नाहीत, हलगीचा तीक्ष्ण आवाज मात्र भिंतीपाशी बराच अडतो. नियमाच्या भाषेत रात्री १० नंतर मैदानातली एक हलगी आणि स्पीकरची भिंत एकाच ओळीत येतात. झोपणाऱ्याचा हक्क खराच आहे, पण या दोन आवाजांत फरक करणारी तरतूद असायला हरकत नव्हती. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे यात्रा बंद होत्या. त्यानंतर फडांच्या हातात उरलेला हंगाम पुन्हा घड्याळाशी बांधला गेला आहे.

फोनवर हे तपासता येते का?

येते. जर्मनीतील आखेन विद्यापीठाचे ‘फायफॉक्स’ हे ॲप मोफत आहे. त्यात आवाजाचा वर्णपट दाखवणारा प्रयोग निवडायचा आणि फोन वाद्यापासून दोन-तीन हात लांब धरायचा. फार जवळ धरला तर माइक भरून जातो आणि आलेख बिघडतो.

हलगीवर एक ठोका मारला की शिखरे वेड्यावाकड्या अंतरावर दिसतात. ढोलकीच्या शाईच्या पुडीवर उघडी थाप मारली की शिखरे जवळपास समान अंतरावर येतात. टाळाची शिखरे समान अंतरावर नसतात, पण बराच वेळ टिकतात. ढोलकीच्या डाव्या तोंडाचा खर्ज मात्र बऱ्याच फोनचे माइक नीट पकडत नाहीत, त्यामुळे तिथला आलेख फसवा असू शकतो. ओळखीच्या मृदंगवादकाने परवानगी दिली, तर कणीक लावण्याआधी आणि लावल्यावर डाव्या तोंडाची एकेक थाप नोंदवून पाहावी. खर्ज अंधुक दिसला तरी शिखर डावीकडे सरकलेले कळते.